कॉइलपाशी शिकलेल्या गोष्टी

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत इंडक्शन हार्डनिंगच्या खात्यात गेली. ट्रॅक्टरचे अॅक्सल, पंपाचे शाफ्ट, मशीनचे स्पिंडल, अधूनमधून छोट्या इंजिनांचे क्रँकशाफ्ट, असा माल. तांब्याच्या कॉइलमध्ये जॉब धरायचा, करंट सोडायचा, काही सेकंदांत पोलाद नारिंगी होतं की लगेच पाण्याचा मारा. कॉइल जॉबला टेकलेली नसते, जाळ कुठे दिसत नाही, तरी लोखंड तापतं. कारखाना बघायला येणारी पॉलिटेक्निकची पोरं म्हणूनच इथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतात. त्यांचा प्रश्नही ठरलेला: "मॅडम, करंटमुळे लोखंड कडक होतं का?"

नाही. करंट फक्त तापवतो. पण तो जागा निवडून तापवतो, आणि शाफ्ट मोडणार की टिकणार हे त्या जागेवर ठरतं. या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी आणि शाफ्टची ड्रॉइंगं काढणाऱ्यांसाठी हे मुद्दे लिहिते आहे.

१. हार्डनेसनं तडा अडत नाही, दाबानं अडतो

कडक केलं की तुटत नाही, हा समज ऑपरेटरपासून खरेदी खात्यापर्यंत सगळीकडे भेटतो. कानस पुरेशी कडक असते. ती उंचावरून फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे होऊ शकतात. नुसता कडकपणा तड्याला वाट मोकळीच करून देतो.

फिरणारा शाफ्ट बहुधा एका झटक्यात मोडत नाही, थकून मोडतो. १८४२ साली पॅरिसजवळ व्हर्सायच्या रेल्वेमार्गावर इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला, आणि धडधाकट दिसणारा आस असा अचानक का मोडतो, हा प्रश्न युरोपातल्या अभियंत्यांपुढे उभा राहिला. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी पुढच्या दशकांत आस फिरवत, वाकवत प्रयोग केले आणि दाखवलं, की एकदा सहज पेलला जाणारा भार लाखो फेऱ्यांनंतर त्याच आसाला मोडू शकतो. वाकलेला शाफ्ट फिरतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. ताण सर्वांत जास्त पृष्ठभागावरच असतो. तिथे टूलचा ओरखडा, गंजाचा खड्डा किंवा तीक्ष्ण कोपरा असेल तर चीर तिथून सुरू होते आणि प्रत्येक फेरीला कणभर पुढे सरकते.

इंडक्शन इथे उपयोगी पडतं. पृष्ठभागाचा काही मिलिमीटर जाडीचा थर तापवून झटकन थंड केला की त्याचं मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक रचना, बनतं. मार्टेन्साइटला आधीच्या रचनेपेक्षा थोडी जास्त जागा लागते. वरचा थर पसरू पाहतो, आतला गाभा त्याला पसरू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा थोड्या ताणाखाली. आता बाहेरच्या भाराला चीर उघडायची असेल तर आधी तो दाब संपवावा लागतो, मग पुढची गोष्ट. जपानच्या शिंकानसेन गाड्यांचे आस मध्यम कार्बनच्या पोलादाचे असून ते इंडक्शननं कडक केलेले असतात. चाक जिथे दाबून बसवलेलं असतं, तिथे सूक्ष्म घासण्यानं चिरा सुरू होण्याची भीती असते. तिथे हा दाबाखालचा थर कामी येतो.

हार्डनेस टेस्टर हा दाब दाखवत नाही. तो एक्स-रे डिफ्रॅक्शननं मोजता येतो, पण अशी सोय लहान कारखान्यात नसते. म्हणून आपण हार्डनेस तपासतो आणि दाब आहे असं धरून चालतो. ते धरून चालणं कुठे कुठे चुकतं, हेच पुढचे बहुतेक मुद्दे सांगतात.

२. फ्रिक्वेन्सी ही मशीन विकणाऱ्याच्या सोयीनं निवडू नये

फॅरेडेनं १८३१ मध्ये विद्युतप्रवर्तन दाखवलं. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९३०च्या दशकात, क्लीव्हलंडची ओहायो क्रँकशाफ्ट कंपनी क्रँकशाफ्टचे जर्नल या पद्धतीनं कडक करू लागली. त्याच सुमारास सोव्हिएत संघात वोलोग्दिन हेही या कामात होते. तत्त्व तेव्हाचंच आजही आहे: कॉइलमधला उलटसुलट करंट जॉबमध्ये भोवऱ्यासारखे करंट उठवतो, आणि फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितके ते वरच्या कातडीत राहतात. तापलेल्या पोलादात १० किलोहर्ट्झला ही खोली साधारण साडेपाच मिलिमीटर असते, ३ किलोहर्ट्झला दहाच्या आसपास, २०० किलोहर्ट्झला जेमतेम सव्वा मिलिमीटर. थंड पोलाद चुंबकीय असतं, त्यामुळे सुरुवातीला करंट याहून बराच वर राहतो. सुमारे ७७० अंशांना चुंबकत्व गेलं की तो एकदम आत उतरतो. मीटरवरचे आकडे तेव्हा हलतात. नवीन ऑपरेटर घाबरतो, जुना तिकडे बघतही नाही.

छोट्या पिनांसाठी घेतलेल्या उंच फ्रिक्वेन्सीच्या मशीनवर जाड शाफ्ट करायचा, तर आतपर्यंत उष्णता पोहोचावी म्हणून वेळ वाढवावा लागतो, आणि तोवर वरची कातडी जास्त तापून तिचा कण मोठा होतो. जाड कणाच्या मार्टेन्साइटला चीर लवकर जाते. हार्डनेस मात्र बरोबर येतो, त्यामुळे माल पासही होतो.

३. करंटला कडा आवडतात

तेलाचं भोक, कीवे, स्प्लाइनचं टोक, खांदा, जिथे आकार अचानक बदलतो तिथे करंट गोळा होतो. क्रँकशाफ्टच्या जर्नलमधलं तेलाचं भोक घ्या. नदीचं पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालताना जसं दोन्ही बाजूंना वेगानं जातं, तसा करंट भोकाच्या दोन्ही कडांशी दाटतो, आणि तेवढीच जागा शंभरेक अंशांनी जास्त तापू शकते. त्यावर पाणी पडलं की भोकाच्या काठावर नखासारखी बारीक चीर उमटते. हाच शाफ्ट इंजिनात गेला की पिळाचा ताणही नेमका त्याच काठाशी वाढतो.

उपाय जुने आहेत, पण ते करावे लागतात. भोकाच्या तोंडाला नीट गोलाई द्यायची, नुसता बर काढून भागत नाही. भोकात तांब्याची किंवा पोलादाची खुंटी बसवायची, म्हणजे करंटला सरळ वाट मिळते. कॉइलमधल्या फ्लक्स कॉन्सन्ट्रेटरची मांडणी बदलायची. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हार्डनिंगला येण्याआधी मशीन शॉपमध्ये जाऊन कडांवरून बोट फिरवून बघायचं. टोचलं तर माल परत.

४. थर कुठे संपतो, ते ड्रॉइंगवर पाहिल्याशिवाय कॉइल बनवायला देऊ नका

या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त भांडले आहे, आणि अजूनही भांडेन.

कडक थर दाबाखाली असतो, हे वर सांगितलं. पण दाब आणि ताण यांचा हिशेब जुळावा लागतो. थर जिथे संपतो, त्या सीमेच्या लगेच पलीकडे पृष्ठभागावरच ताण येऊन बसतो. बाहेरचा भार शून्य असतानाही तिथलं पोलाद आधीच ओढलेलं असतं, आणि ते मऊही असतं. ही सीमा सरळ, कमी भाराच्या भागात आली तर काही बिघडत नाही. पण ती खांद्याच्या फिलेटमध्ये, म्हणजे व्यास बदलतो त्या गोलाईत आली, तर भाराचा ताण, आकारामुळे वाढलेला ताण आणि हार्डनिंगनं उरलेला ताण, असे तिन्ही एकाच जागी भेटतात. असा शाफ्ट हार्डनिंग न केलेल्या शाफ्टपेक्षाही लवकर मोडू शकतो. पैसे देऊन कमजोर केलेला शाफ्ट!

क्रँकशाफ्टमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. बेअरिंग झिजू नये म्हणून फक्त जर्नल कडक करायचा असेल, तर थर फिलेटच्या अलीकडे अंतर राखून संपवावा. थकव्याची ताकद वाढवायची असेल, तर फिलेटसकट कडक करावं. मधलं काही करू नये. फिलेटसकट करायचं तर वेगळी कॉइल लागते, शाफ्ट जास्त वाकतो, सायकल टाइम वाढतो, म्हणून किंमत वाढते. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "थोडं आत घ्या ना, फिलेटच्या अर्ध्यापर्यंत." ते अर्धं म्हणजेच ती मधली जागा.

मोडलेला तुकडा परत आला की मी तो आधी कापून, घासून, नायटल लावून बघते. नायटल म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल. त्यानं कडक थर आणि गाभा वेगवेगळ्या छटांत उठून दिसतात. मोडीची सुरुवात आणि थराची सीमा एकाच रेषेत दिसली की पुढची चर्चा सहसा लांबत नाही.

५. क्वेंच आणि टेम्परिंग

तापवण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पाण्याकडे कुणाचं नसतं. साध्या पाण्यात शाफ्ट झपाट्यानं थंड होतो आणि मिश्रधातूचं पोलाद सहज तडकतं, म्हणून पॉलिमर मिसळतात. त्याचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरनं रोज बघायचं. पण मशीन शॉपचं कूलंट जॉबवरून टाकीत उतरलं की रिफ्रॅक्टोमीटर त्यालाही पॉलिमर समजतो. आकडा बरोबर दिसतो आणि टाकीत पॉलिमर कमी असतं. एप्रिल-मे मध्ये टाकीचं तापमान चढतं, तेव्हा थंड होण्याचा वेग बदलतो. नोझलचं एखादं भोक बुजलं तर त्या रेषेत मऊ पट्टा येतो, आणि मऊ-कडक यांच्या सीमेवर पुन्हा तोच ताण.

क्वेंच झालेला जॉब टेम्पर होईपर्यंत भरवशाचा नसतो. १६० ते २०० अंशांवर तास-दोन तास ठेवलं की मार्टेन्साइटचा ठिसूळपणा उतरतो, दाब फारसा कमी होत नाही. हे लगेच व्हायला हवं. आमच्या भागात गुरुवारी सुट्टी. बुधवारी रात्री कडक केलेला माल टेम्परिंगविना ठेवून सगळे घरी गेले, तर शुक्रवारी सकाळी त्यात तडे सापडणं यात नवल नाही. तडा क्वेंचच्या क्षणीच पडतो असं नाही, तासांनी पडलेले तडेही मी पाहिले आहेत.

६. पोलादाचं सर्टिफिकेट फाईल करण्याआधी वाचा

ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.३६ ते ०.४४ टक्के. वरच्या टोकाचा कार्बन आणि वरच्या टोकाचं मँगनीज एकाच हीटमध्ये आलं तर कालपर्यंत चालणारी सेटिंग आज तडे देते. मशीनला दोष देण्याआधी हीट नंबर बघा. सहज कटिंग व्हावं म्हणून गंधक वाढवलेलं पोलाद मशीन शॉपला आवडतं, कारण टूल जास्त टिकतं. त्यातल्या लांबट सल्फाइडच्या रेषा आम्हाला आवडत नाहीत. काळ्या सळईची कार्बन गेलेली कातडी टर्निंगमध्ये पूर्ण निघायला हवी. ती राहिली तर तिथे मार्टेन्साइट नीट बनत नाही आणि जिथे दाब हवा तिथेच तो नसतो.

७. हार्डनिंगनंतर शाफ्टवर काय होतं, त्याकडे पाठ फिरवू नये

कडक झालेला शाफ्ट थोडा वाकतो. तो प्रेसवर सरळ करतात. टेम्परिंगच्या आधी हे कधीच नाही, आणि नंतरही जपून. "टक्" असा आवाज आला तर तो शाफ्ट सरळ झाला तरी बाजूला काढायचा. मग ग्राइंडिंग. घाई करणारा ग्राइंडर चाक जोरात दाबतो. पृष्ठभाग क्षणभर तापतो आणि आपण मेहनतीनं बसवलेल्या दाबाच्या जागी ताण येतो. कधी जाळीसारख्या बारीक चिरा दिसतात, कधी काहीच दिसत नाही आणि फक्त आयुष्य कमी होतं.

८. करंट वैरीही होतो

झिंक प्लेटिंगच्या टाकीतही करंटच असतो. त्यात झिंकबरोबर हायड्रोजनही सुटतो आणि पोलादात शिरतो. आधी आम्लात धुताना तर शिरतोच. ४० एचआरसीच्या वरच्या कडक पोलादात हा हायड्रोजन धोक्याचा. बोल्ट आवळलेला असतो, भार वाढलेला नसतो, आणि एक-दोन दिवसांत डोकं आपोआप उडतं. म्हणून प्लेटिंगनंतर शक्य तितक्या लवकर, साधारण चार तासांच्या आत, १९० ते २२० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवतात. इंडक्शन केलेल्या भागाचं टेम्परिंग १८० अंशांवर झालं असेल, तर २२० अंशांच्या बेकिंगनं हार्डनेस उतरतो. हे प्लेटिंगवाल्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपण सांगायचं.

वेल्डिंगचंही तसंच. मशीनच्या फ्रेमवर वेल्डिंग करताना अर्थ क्लॅम्प लांब कुठेतरी लावला, तर करंट शाफ्ट आणि बेअरिंगमधून जातो आणि रोलरखाली ठिणग्यांचे खड्डे पडतात. कडक शाफ्टवर इलेक्ट्रोड चुकून टेकला तर तेवढ्या ठिपक्यात पोलाद वितळून पुन्हा गोठतं आणि तिथे बारीक चीर जवळजवळ ठरलेली. घासून तो ठिपका दिसेनासा होतो, चीर जात नाही.

९. मॅग्नाफ्लक्सची दिशा

मॅग्नाफ्लक्समध्ये, म्हणजे चिरा शोधायच्या चुंबकीय तपासणीत, शाफ्टच्या लांबीतून करंट सोडला तर गोलाकार चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि लांबीच्या दिशेनं गेलेल्या चिरा दिसतात. आडव्या चिरा पाहायच्या तर शाफ्ट कॉइलमध्ये धरावा लागतो. थकव्याच्या चिरा बहुधा आडव्या असतात, म्हणून एकच शॉट मारून "ओके"चा शिक्का मारणं ही निव्वळ कागदपत्रांची सोय आहे. तपासणी ग्राइंडिंगनंतर हवी, आणि नंतर जॉब डीमॅग्नेटाइझ करायला हवा.

१०. पल्सनं तडा बुजतो, ही बातमी खरी आहे, पण

आजकाल तरुण अभियंते विचारतात, "मॅडम, करंटचा पल्स देऊन क्रॅक बुजवता येतो म्हणे?" येतो, प्रयोगशाळेत. सोव्हिएत संघात ट्रॉइट्स्की यांनी १९६०च्या दशकात धातूच्या आकार बदलण्यावर इलेक्ट्रॉनांचा आणि पुढे करंटच्या पल्सचा परिणाम दाखवला. अमेरिकेत हान्स कॉनरॅड यांनी त्यावर दीर्घकाळ काम केलं. चीन आणि जपानमधल्या संशोधकांनी पोलादातल्या चिरांवर जोरदार पल्स देऊन त्या अंशतः मिटल्याचं दाखवलं आहे. कारण ओळखीचं आहे: चिरेच्या टोकाशी करंट दाटतो, तेवढीच जागा प्रचंड तापते, भोवतीचं थंड पोलाद तिला पसरू देत नाही, त्यामुळे चिरेचे ओठ एकमेकांवर दाबले जातात. कधी टोक वितळून बोथट होतं, आणि बोथट चीर लवकर पुढे जात नाही. तिसऱ्या मुद्द्यातली भोकाची डोकेदुखी इथे औषध झालेली आहे. मला हे फार आवडतं.

पण हिशेब करा. या प्रयोगांमध्ये दर चौरस मिलिमीटरला शेकडो ते हजारो अँपिअर करंट, तोही सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता, असा आकडा येतो. नमुने लहान असतात. ५० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचं क्षेत्रफळ सुमारे १,९६३ चौरस मिलिमीटर. हजार अँपिअरच्या हिशेबानं वीस लाख अँपिअरच्या घरातला पल्स लागेल. तो कुठल्या क्लॅम्पमधून द्यायचा? क्लॅम्पच्या टोकाशी शाफ्ट जळला तर ती नवी चीर. शिवाय चिरेत तेल, गंज, मळ असतो. तिचे ओठ जवळ आले तरी धातू धातूला जोडला जाईल याची हमी नाही. पातळ पत्रा, तार, छोटे भाग यांसाठी या कामाला भविष्य असेल. चालत्या ट्रॅक्टरच्या तडकलेल्या अॅक्सलला पल्स देऊन परत बसवायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. तडकलेला शाफ्ट भंगारात जातो.

११. ड्रॉइंग काढणाऱ्यांना विनंती

"इंडक्शन हार्डन, ५५ ते ६० एचआरसी" एवढं लिहून थांबू नका. थर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, फिलेट आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, किती खोलीवर किती हार्डनेस हवा, ही खोली मोजताना पृष्ठभागाच्या किमान हार्डनेसच्या ८० टक्क्यांची सीमा धरायची की दुसरी, टेम्परिंग किती अंशांवर, नंतर प्लेटिंग आहे का, हे लिहा. लिहायला दोन ओळी लागतात. ते लिहिलेलं नसताना शाफ्ट फिलेटमधून मोडला, तर हार्डनिंगवाल्याला फोन करू नका. ड्रॉइंग पुन्हा उघडा.